चांगला हात बांधणारा दवाखाना

माणसं प्लास्टरच्या आत काय काय घालतात, ते मला विचारावं. पराटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची काडी, केरसुणीचे हीर, विणायची सुई, हे तर रोजचंच. आत खाज सुटते, बोट पोचत नाही, मग हाताला लागेल ते आत सरकवायचं आणि ते आतच अडकून बसायचं. एका बड्या घरच्या नानांच्या पायाच्या प्लास्टरमधून मी विड्यांचं अर्धं बंडल बाहेर काढलं होतं. घरात विडीला बंदी होती, आणि मोडक्या पायाची झडती कोण घेणार?

मी मूळची धुळ्याची. नर्सिंग शिकून, देश स्वतंत्र झाला त्यानंतर थोड्याच दिवसांत, जळगावला एका खासगी दवाखान्यात लागले. तेव्हा जळगावला पूर्व खानदेश म्हणत आणि धुळ्याला पश्चिम. आमचे डॉक्टर हाडांचे. मुंबईला शिकलेले, बोलायला कमी, आणि दुसऱ्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारे. त्यांनी मला प्लास्टरची खोली दिली आणि मी तिथेच रमले.

आता तयार पट्ट्या मिळतात. आम्ही त्या हाताने करायचो. जाळीच्या कापडावर प्लास्टरची पूड तळहाताने घासून बसवायची, सैल गुंडाळी करायची आणि हवा न लागेल अशी डब्यात ठेवायची. पेशंट आला की कोमट पाण्यात बुडवायची. बुडबुडे यायचे थांबले की पट्टी तयार. आधी कापूस, वरून पट्टी, आणि ओली असतानाच तळहाताने सारवल्यासारखं गुळगुळीत करायचं. बोटांनी दाबायचं नाही, दाबलं तर आत खळगा पडतो आणि तो कातडीला खातो. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, तेव्हा माणसं घाबरतात. "भाजतं ना व माय," म्हणून एक आजी पळून पार रस्त्यावर गेल्या होत्या. माझं प्लास्टर कधी सैल पडलं नाही आणि कुणाची बोटं कधी निळी झाली नाहीत, हे मी सांगितलं तर ती बढाई समजू नये. त्याचाच तर मला पगार मिळायचा.

पण आज सांगायचं आहे ते मोडलेल्या हाडांचं नाही.

फैजपूरकडचे तोताराम आबा आले तेव्हा त्यांचा डावा हात मोडलेला होता. बैलगाडीवरून उतरताना पडले. डॉक्टरांनी हाडं जुळवली आणि मी कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं. हात कोपरात वाकलेला, तळवा वर, बोटं मोकळी, गळ्यात झोळी. खरी पंचाईत वेगळीच होती. आबांच्या उजव्या अंगावरून वर्षापूर्वी वारं गेलं होतं. पाय बराच सुधारला, पण उजवा हात मूठ वळून लटकलेला. सगळं डाव्या हातानं चाललेलं, आणि आता तोही गेला. घरी दोन मुलं, दोन सुना. जेवू घालतील, करतील, असं म्हणून त्यांना पाठवलं.

प्लास्टर कापायला ते परत आले. मी कात्री घेतली आणि थांबले. आबांच्या डाव्या तळव्यावरचं प्लास्टर तपकिरी झालं होतं. नुसतं डागाळलेलं नाही, घासून घासून चकचकीत झालेलं. मी वास घेतला. तंबाखू आणि चुना.

"आबा, ह्याच्यावर तंबाखू कोण मळतं?"

आबा जरा लाजले. "मीच मयतो. कोन मयून देईन? पोरं मायकरी, वारीले जाता, तंबाखूले हात लावत नाही. सुनेले कसं सांगू?"

"पण कोणत्या हाताने?"

त्यांनी उजवा हात वर आणला. हळूहळू, थरथरत, पण आणला. अंगठा मोकळा झालेला, शेजारची दोन बोटं त्याच्या मागे येत होती. अंगठ्याने त्यांनी तपकिरी प्लास्टरवर दोनदा घासून दाखवलं.

"पयले तीन-चार दिवस लय हाल झाले, नरसबाई. मंग या हाताले म्हटलं, सायच्या, तू काय नुसता लटकून राहाशीन का?"

मी डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि आबांना ते सगळं पुन्हा करायला लावलं. मग पेन्सिल धरायला लावली. पेन्सिल पडली. पुन्हा दिली, पुन्हा पडली, तिसऱ्यांदा राहिली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

आबा गेल्यावर ते म्हणाले, "आम्हाला शिकवलंय की मेंदूचा जो भाग मेला तो मेला. पहिल्या काही महिन्यांत जे परत येईल तेवढंच खरं. ह्या माणसाचं वर्ष उलटलं होतं."

"मग हे कसं झालं?"

"माहीत नाही. पण झालं ते खोटं कसं म्हणू?"

त्यानंतर काही दिवस ते त्याच विचारात होते. एकदा मी पट्ट्या गुंडाळत बसले होते, तर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "डाव्या हातानं सगळं भागत होतं, म्हणून मेंदू उजव्याच्या वाटेला गेलाच नाही. डावा बंद पडला, तेव्हा त्याला शोधाशोध करावी लागली." मी म्हटलं, "असेल." तेव्हा आम्हा दोघांनाही कल्पना नव्हती की पुढे आपण चांगले, धडधाकट हात प्लास्टरमध्ये घालणार आहोत.

कौतिकबाई आल्या त्या गुडघ्याच्या दुखण्यासाठी. गाव एदलाबादजवळ, आता ज्याला मुक्ताईनगर म्हणतात. वय पंचेचाळिशीचं. त्यांच्याही उजव्या अंगावरून वर्षापूर्वी वारं गेलेलं. जीभ लवकर सुटली, पाय ओढत का होईना चालू लागला, हात मात्र मांडीवर ठेवलेला, जसा काही दुसऱ्या कुणाचा. डॉक्टर गुडघा सोडून हातच बघत बसले. बोटं जराशी हलत होती. अगदी जराशी.

"आधी काय करायचात ह्या हाताने?" डॉक्टरांनी विचारलं.

उत्तर त्यांच्या नवऱ्याने दिलं. सुपडूभाऊ, कपाशी आणि केळीची शेती, आवाज चढा. "काय करे म्हनजे? पंचक्रोशीत हिच्यासारखे मांडे कोनी करत नव्हतं डॉक्टरसाहेब. लग्नाच्या घरी पयले हिले बलावनं जाये, मंग भटजीले."

ज्यांनी खापरावरचे मांडे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पुरण भरलेला मऊसूत उंडा लाटण्याने लाटत नाहीत. तो दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत वाढवायचा, मनगटावरून पार कोपरापर्यंत. कापडासारखा पातळ झाला की पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. एका हाताचं ते काम नव्हे.

नवरा हे सांगत होता तेव्हा कौतिकबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी नंतर त्यांना एकटीला विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "आता लग्नात मले कोपऱ्यात बसवता. म्हनता, बसा अक्का, तुम्ही नुसतं पाहा. पाहून काय करू व?"

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की डावा हात मी प्लास्टरमध्ये घालणार. हलकं प्लास्टर, केव्हाही कापता येईल. सुपडूभाऊ उठूनच उभे राहिले.

"चांगला हात बांधता? एक गेला तो गेला, उरला तोबी तुम्ही बांधता?"

"भुसावळची लाइन बंद पडली तर गाडी काय करते, भाऊ?" डॉक्टर शांतपणे म्हणाले. "सुरतेकडून वळवतात. उशीर होतो, पण पोचते. मात्र आधी कुणाला तरी त्या गाडीची गरज वाटली पाहिजे. ह्यांच्या डाव्या हाताने काम निभतंय, म्हणून गाडी सुटतच नाही."

"अन् पोचली नाही त?"

"तर मी प्लास्टर कापेन, आणि तुमची माफी मागेन. जबाबदारी माझी."

सुपडूभाऊंनी बायकोकडे पाहिलं. कौतिकबाईंनी डावा हात माझ्यापुढे धरला. 

आयुष्यात शेकडो प्लास्टरं घातली, पण चांगल्या हाताला घातलेलं हे पहिलंच. न मोडलेला हात आपल्या बोटांना लगेच कळतो. कुठे सूज नाही, वेदना नाही, माणूस "हळू हो" म्हणत नाही. बोटंसुद्धा आत घेतली, नाहीतर त्यांनी चोरून काम केलं असतं.

दवाखान्यात जेवण नव्हतं. मागच्या अंगणात कडुलिंबाखाली पेशंटची माणसं तीन दगडांच्या चुली मांडून स्वयंपाक करत. कौतिकबाईंबरोबर त्यांची जाऊ राहिली होती. आंघोळ आणि बाकीची मदत ती करायची, सकाळचं दूध मी पाजायची. जेवण मात्र त्यांचं त्यांनी जेवायचं, हा डॉक्टरांचा नियम, आणि तो पाळून घ्यायचं काम माझ्या गळ्यात.

पहिल्या दिवशी ताट समोर ठेवलं. वरणभात. उजवा हात मी ताटाच्या काठावर आणून ठेवला. कौतिकबाई ताटाकडे बघतात, माझ्याकडे बघतात. हात भातात गेला, मूठ वळली, पण तोंडापर्यंत येता येता वाटेतच रिकामी झाली. पदरावर वरण, मांडीवर भात. जाऊ घास भरवायला पुढे झाली, तिला मी अडवलं. त्या दिवशी तिने मला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत, आणि त्यातल्या निम्म्या मला रास्तच वाटल्या. भुकेल्या माणसासमोर हात बांधून बसणं हे नर्सच्या शिक्षणात नसतं.

असे काही दिवस गेले. पोटात थोडं जात होतं, पण बाई रोज जास्त गप्प होत होती. एका सकाळी मला पाहून रडायलाच लागली.

"काप व माय हे. मी काय गुन्हा केला? जनावर बी असं बांधत नाही कोनी. मले नाही पाहिजे मांडे अन् फांडे. मले घरी जाऊ दे."

डॉक्टरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, बाईंनी काप म्हटलं की कापायचं, समजूत घालत बसायचं नाही. मी कात्री आणि प्लास्टर भिजवायला पाण्याची वाटी ताटलीत घेतली. खोलीत उजेड कमी, म्हणून म्हटलं, "चला, मागच्या ओट्यावर बसून कापू." त्या डोळे पुसत, पाय ओढत माझ्याबरोबर आल्या.

अंगणात जाऊ भाकरी करत होती. म्हणजे, करता करता शेजारच्या चुलीवरच्या बाईशी बोलण्यात रंगली होती. तव्यावरच्या भाकरीला वास सुटला. कौतिकबाई माझ्या पुढे होत्या. त्या थबकल्या.

"जयाली ना व! भाकर जयाली!"

आणि वाकून त्यांनी भाकरी उलथली. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत काठ धरला, ओढला आणि टाकली. अर्धी तव्यावर पडली, अर्धी राखेत.

जाऊ वळून म्हणाली, "कोनी उलथली?"

 कौतिकबाई आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या. बोटांच्या टोकांना चटका बसून ती लाल झाली होती. त्यांनी ती तोंडात घातली, पुन्हा बाहेर काढून पाहिली. मग जावेला म्हणाल्या, "एवढ्या भाकरी थापल्या तरी तुले आंच कयत नाही." आणि मला, तितक्याच रागाने, "तू काय उभी? ठेव ती कात्री."

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. आम्ही रोज त्यांना सांगत होतो, बोटं हलवा, मूठ उघडा, मूठ मिटा. पण मूठ उघडण्यासाठी कुणी मूठ उघडत नाही. आबांच्या हाताला तंबाखू हवी होती, ह्या हाताला जळणारी भाकरी सोडवायची होती. मी डॉक्टरांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "मग व्यायाम बंद. कामं द्या." त्यांनी स्वतः बाजारातून शेंगा आणल्या. शेंगा फोडणं, तुरीची डाळ निवडणं, कापसातून सरकी काढणं, मग कणीक. दिवसभर. बाई चिडायची, दाणे फेकायची आणि पुन्हा हात घालायची. अंगणातल्या बाकीच्या बाया आपापली डाळ त्यांच्याकडे निवडायला आणून द्यायला लागल्या. त्यात खडे राहायचे, पण कुणी तक्रार केली नाही.

प्लास्टर कापलं तेव्हा उजवा हात पहिल्यासारखा झाला नव्हता. रुपयात बारा आणे म्हणू. पण त्या हाताने त्यांनी जाताना माझी वेणी सारखी केली, कारण त्यांच्या मते मी ती भुतासारखी घालायची. दिवाळीनंतर सुपडूभाऊ फडक्यात बांधलेले मांडे घेऊन आले. एका बाजूला जाड, मध्ये दोन ठिकाणी भोकं. डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "तिनं सांगितलं, भोकावर बोलू नका." डॉक्टर बोलले नाहीत. त्यांनी तिथेच दोन खाल्ले.

ही बातमी दोन्ही खानदेशांत पसरली, ती 'चांगला हात बांधणारा दवाखाना' अशी. काही जण आम्हाला वेडे समजत, काही जण येत. पुढे प्लास्टर सोडून आम्ही जाड कापडाची पिशवी शिवून चांगल्या हातावर बांधायला लागलो, रात्री सोडता यायची. बऱ्याच जणांचा हात थोडा, काहींचा चांगला सुधारला. आता पेपरात वाचते की मेंदू नव्या वाटा काढतो, हे सगळ्या जगात मान्य झालंय. वाचून बरं वाटतं. आम्ही आमच्यापुरतं ते कडुलिंबाखाली मान्य केलं होतं.

पण धुडकूचं सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

धुडकू धुळ्याकडचा, माझ्या मुलुखातला, म्हणून माझा त्याच्यावर जास्त जीव. भुसावळला इंजिनावर फायरमन होता, भट्टीत कोळसा टाकायचा. पस्तिशीतला गडी, दंड लोखंडासारखे, आणि तापातून उठला तो उजवा हात गमावून. डॉक्टरांनी आधीच सांगितलं, "बोट जरासुद्धा हलत नाही. मला आशा कमी वाटते." धुडकूच हट्टाला पेटला. बांधा म्हणाला, आणि आईला सोबतीला घेऊन राहिला.

बांधला. कणीक दिली, शेंगा दिल्या, फावड्याचा दांडा आणून दिला. हात हलला नाही. दिवस गेले, एक शीर उडाली नाही. धुडकू भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. एकदा मी पाणी घेऊन गेले, तर अहिराणीत म्हणाला, "अक्का, मना हात मरी गया. एक मरेल व्हता, तुम्ही दुसरा बी बांधी दिधा." डॉक्टर दारात उभे होते. ते आत आले, स्वतः बसून प्लास्टर कापलं आणि त्याची माफी मागितली. त्या दिवशी मी जेवले नाही.

कौतिकबाई त्याच आठवड्यात गुडघा दाखवायला आल्या होत्या. त्यांनी भिंतीकडे तोंड केलेला तो मनुष्य पाहिला, माझ्याकडून सगळं ऐकलं आणि न विचारता त्याच्या खाटेशी जाऊन बसल्या.

"तुह्या पायजम्याची नाडी कोन बांधतं?"

धुडकूने चादर डोक्यावर ओढली.

"आई बांधते ना? पस्तीस वर्षांचा घोडा. इकडे पाहा." त्यांनी आपल्या पिशवीची नाडी सोडली, उजवा हात मुद्दाम पाठीमागे घेतला, एक टोक दातात धरलं आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी फास टाकून गाठ मारली. "वरीसभर म्या असं केलं. भाकर ताटाच्या काठाले दाबून मोडे, कांदा बुक्कीनं फोडे. हे मले कोनी शिकवलं? कोनीच नाही. माह्या हाताले या लोकांनी वाट काढून दिली. तुह्या हाताले नाही भेटली. मंग डाव्याले शिकव! डोकं त तेच आहे ना?"

मी दारातून बघत होते. आतापर्यंत आम्ही डाव्या हाताला चोर समजत होतो, उजव्याचं काम पळवणारा. बाईंचं ऐकताना लक्षात आलं की तो डावासुद्धा काहीतरी शिकलाच होता, आणि तेही कमी कष्टाचं नव्हतं.

धुडकूला पहिली गाठ जमली नाही. दुसरी सुटली. कौतिकबाई त्याला कौतिकाचा एक शब्द बोलल्या नाहीत, नुसतं "फिरून कर" म्हणत राहिल्या. त्यांची एदलाबादची बस चुकली. सुपडूभाऊ बाहेर ओरडत होते, त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी गाठ बसली, तेव्हा धुडकू नाडी ओढून बघत म्हणाला, "आते मायले सांगा, घर जाय म्हना." आता आईला सांगा, घरी जा म्हणावं.

पुढे भुसावळला त्याला इंजिनावरून काढून दिव्यांच्या खोलीत काम मिळालं. सिग्नलचे कंदील पुसायचे, वाती कापायच्या, तेल भरायचं. काही वर्षांनी मी बहिणीकडे नागपूरला निघाले होते, तेव्हा भुसावळच्या फलाटावर तो मला दिसला. डाव्या हाताच्या चार बोटांत चार कंदील अडकवून चालला होता. मला पाहून थांबला, कंदील खाली ठेवले, त्याच हाताने नमस्कार केला. मग एका हाताने काडी ओढून बिडी पेटवली, मला दाखवायलाच.

मी विचारलं, "आता कसं वाटतं रे?"

"बठ्ठं जमस, अक्का. उजवाले आते मी इसरी बी गऊ." सगळं जमतं, उजव्याला विसरूनसुद्धा गेलो. मग बिडीचा झुरका घेऊन म्हणाला, "फक्त सपनमा दोन्ही हात र्‍हातस. सपनमा मी आजून इंजिनवर कोयसा टाकस."

 आणि स्वतःच हसला. "दिनभर डावा काम करस ना, रातले उजवानी पाळी." आणि चारही कंदील बोटांत उचलून, अंधार पडायच्या आत ते लावायला हवे होते म्हणून, तो भराभरा चालत गेला.